ढोल निवायच्या आत

टेक शून्य

हा आकडा माझा. रेकॉर्डिंगवाल्या फोंतेसने टेपच्या खोक्यावर टेक एकपासून नोंदी केल्या आहेत. त्याआधी काही घडलं होतं याचा खोक्यावर कसलाही पुरावा नाही.

फेब्रुवारी १९८७, गुरुवार, सकाळचे साडेदहा. मोंतेविदेओत नदीवरून येणारी हवा इतकी दमट होती की काडी तीनदा ओढावी लागत होती. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर. खाली फुटपाथवर एल्बियो पिंतोसने वर्तमानपत्रं आणि फळांच्या खोक्यांच्या फळ्या पेटवल्या होत्या. तीन ढोल आगीकडे तोंड करून आडवे पडले होते, शेकोटीला माणसं पडतात तसे.

आमच्याकडे ढोल असेच चढवतात. कातडं लाकडी पिंपाला खिळ्यांनी ठोकलेलं असतं. आवळायला ना दोरी, ना पेच. शेकलं की ताणतं आणि आवाज वर जातो. आगीपासून दूर नेलं की उतरायला लागतं, आणि दमट दिवशी तर फारच लवकर.

थोरला ढोल एल्बियोचा. वय एकसष्ट, आयुष्यभर बंदरात हमाली. मधला त्याच्या भाच्याचा, कार्मेलोचा. धाकटा सोसाचा, सोसा न्हावी होता आणि ढोलाशिवाय फारसं बोलत नसे. तिघं एकाच कोपऱ्यावर वाढले. या शहरात प्रत्येक कोपऱ्याचा ठेका वेगळा. त्यांचा कोपरा नऊ वर्षांपूर्वी पाडला आणि माणसं शहराच्या टोकांना नेऊन टाकली. तो ठेका एकत्र वाजवू शकणारे हे तिघंच उरले होते. त्यातला कार्मेलो त्याच दिवशी रात्री आठच्या बोटीने ब्वेनोस आइरेसला आणि तिथून बायकोमुलांसकट सिडनीला चालला होता. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं.

मी मिल्तोन. आमच्या बँडचं नाव लोस सोब्रांतेस, म्हणजे उरलेसुरले. गिटार माझी, गाणी माझी. 'भरती' नावाचं एक गाणं मी त्या पाडलेल्या कोपऱ्यावर लिहिलं होतं. गिटारवर ते साधारण होतं. एल्बियोच्या अंगणात तिघांनी ठेका धरला आणि ते उभं राहिलं. माझी बाकीची गाणी बसलेलीच राहिली.

एल्बियो यायला तयार झाला तेव्हा म्हणाला होता, "तुझं गाणं बरंय पोरा, पण मी गाण्यासाठी येत नाही. आमचा ठेका कुठेच धरलेला नाही. एकदा कुणीतरी कॅसेटवर घेतला, त्यात नुसतं शेजारचं कुत्रं ऐकू येतं. कार्मेलो बोटीत बसायच्या आत तो टेपवर जाऊ दे. मग मी मोकळा."

तर साडेदहा. तिघंही तापलेले ढोल खांद्याला लावून जिन्याने वर आले आणि कुणाची वाट न बघता सुरू झाले. आम्ही मागून शिरलो. काचेपलीकडून फोंतेसने भुवया उचलल्या: टेप सोडू का?

मी हाताने थांबवलं. आम्ही रॉकवाले. पहिल्यांदा हात मोकळे करतो, दुसऱ्यांदा चुका काढतो, तिसऱ्यांदा टेप. आम्ही वाजवत वाजवत तापतो. ते तापून आलेले असतात आणि वाजवत वाजवत निवतात, हे मला माहीत होतं. रोज त्या अंगणात बसत होतो, कसं माहीत नसेल. पण हात सवयीने वर गेला.

चार मिनिटं दहा सेकंद. थोरला जमिनीखालून येत होता, धाकटा घड्याळासारखा, आणि मधला दोघांच्या मध्ये बोलत होता, भांडत होता, हसत होता. आमची गायिका निबिया गायली:

*या कोपऱ्यावर नदी यायची, दार वाजवायची,*
*विचारायची, घरी कोण आहे.*
*आता दार नाही. ती अजून येते.*

शेवटची थाप पडली. एल्बियोने टिपरू काखेत धरलं, कपाळ पुसलं.

"झालं," तो म्हणाला. "हे ठेवा."

मी म्हणालो, "हो मास्तर. आता आमच्यासाठी एकदा घेऊ."

"घ्या की," एल्बियो म्हणाला. "आमचं झालंय."

टेक १
*(खोक्यावर: ढोल बद्द.)*

फोंतेस काचेच्या खोलीतून बाहेर आला. चाळिशीचा, तिरकस माणूस. "कलाकार, हा मोठा ढोल उशीवर मारल्यासारखा येतोय. जरा आवळता का? पेच कुठे आहेत याचे?"

"खिळे आहेत," सोसा म्हणाला.

"मग सूर कसा लावता?"

"आगीला विचारून," कार्मेलो म्हणाला. "चला मामा, खाली."

टेक २
*(खोक्यावर: चांगला सुरू. १:१५ला उतरले.)*

लिफ्टमध्ये दोन माणसं मावतात किंवा एक माणूस आणि एक ढोल. म्हणून जिना. एकोणसाठ पायऱ्या. वर आल्यावर हेडफोन घालायचे, फोंतेसने "एक मिनिट" म्हणायचं, माइक अर्धी वीत सरकवायचा. त्या एका मिनिटात कातडं हवेचं ऐकत असतं.

एल्बियोने हेडफोन गळ्यात अडकवले. "मला माझाच ढोल कानात कशाला? मी काय बहिरा आहे?"

"मामा, घाला. सिडनीला जाईपर्यंत तरी मला सगळं नीट होताना बघू द्या."

"तू जा ना आत्ताच. पोहत जा."

पहिलं कडवं मिळालं होतं. खरंच मिळालं होतं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी थोरल्याचा आवाज असा खाली बसला, जसा म्हातारा माणूस खुर्चीत...

टेक ३

एल्बियो म्हणाला, "हे कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा, मास्तर."

"चौथ्यांदा. पहिलं धरून."

मी गिटारची तार बघत राहिलो. ती सुरात होती. मी ती उतरवली आणि पुन्हा लावली.

टेक ४
*(खोक्यावर: खिडकी. बस.)*

कल्पना निबियाची. ढोल वर कशाला आणायचे? माइक खाली सोडा. तिघं आगीजवळ वाजवतील, आम्ही वर.

फोंतेसने सगळ्या वायरी एकीला एक जोडल्या. तरी त्या पहिल्या मजल्याच्या सज्ज्यापर्यंतच पोचल्या. तिथे माइक बोंबलासारखा लटकला. मी खिडकीतून हात खाली केला आणि तिघांनी सुरुवात केली.

आवाज आला. काय आवाज आला. माझ्या पाठीवर काटा आला, आणि मी त्यात माझा पहिला स्वर मिसळला तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता एल्बियोला कधीच सांगावं लागणार नाही. अगदी याच शब्दांत वाटलं. गाणं मिळालं असं नाही वाटलं. सुटलो असं वाटलं.

एक मिनिट चाळीस सेकंदांनी कोपऱ्यावर बस थांबली आणि तिचे ब्रेक माइकपासून दोन हातांवर किंचाळले. मग कंडक्टर खाली उतरून नाचायला लागला. उतारूंनी टाळ्या धरल्या. लोक प्रेमळ असतात.

टेक ५

तीन सेकंद. सोसाला शिंक आली.

टेक ६
*(खोक्यावर काही नाही. हे जिन्याखाली झालं.)*

"ही आग कुणाची?"

"आमची, दरवानसाहेब."

"सकाळी एकदा म्हणालात. मी हो म्हटलं. आता दुपारचे दोन वाजलेत."

"अजून एकदाच."

"तुम्ही तिसऱ्यांदा एकदाच म्हणताय. दुसऱ्या मजल्यावर दातांची डॉक्टर आहे. पेशंट तोंड उघडून बसलेत आणि धूर आत जातोय."

"त्यांना सांगा, बधिर करायला पैसे नाही पडणार."

"कार्मेलो, गप. साहेब, हा माझा भाचा. आज देश सोडतोय. जरा समजून घ्या."

"माझा मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. मी आग नाही लावली."

"चूकच केलीत."

"घ्या, येर्बाचा चहा घ्या. गरम आहे."

"द्या. पण ही शेवटची आग. नंतर बादली."

टेक ७

दोन मिनिटं पन्नास सेकंद. आतापर्यंतचं सगळ्यात लांब. मीच बिघडवलं. शेवटच्या कडव्याआधी ढोल उतरतील या धास्तीने मी लय पुढे ओढली, आणि तिघं मागे राहिले. ते चालणारे लोक आहेत. रस्त्यावरून चालत वाजवतात. पळवलं तर ठेका मोडतो.

निबियाने मला बाहेर बोळात नेलं.

"तू का घाबरलायस?"

"कुठे?"

"मिल्तोन, मी आठ वर्षं तुझ्याशेजारी गाते. तू घाबरलास की डाव्या पायावर उभा राहतोस."

मी सांगितलं. आतून एल्बियोचा खोकला ऐकू येत होता, आणि कार्मेलो कुणाला तरी सांगत होता की लायब्ररीसारखी शांत खोली त्याला आवडत नाही, माणूस मेल्यासारखं वाटतं.

"त्याला वाटतंय ते टेपवर आहे."

"हो."

"म्हणून तो हे सगळं हसत करतोय. तुझ्यावर मेहेरबानी म्हणून. त्याचा हात बघितलास?"

बघितला होता. थोरला एका हातात टिपरू आणि एका उघड्या तळव्याने वाजवतात. कातडं उतरलं की आवाज काढायला तळवा जास्त जोरात मारावा लागतो. बोटांच्या मुळांशी कातडी फाटली होती. तो मधूनमधून हात पँटला पुसत होता.

"सांग त्याला."

"सहाला वेळ संपते. अजून साडेतीन तास आहेत. एक नीट मिळालं की सांगायची गरजच नाही."

"आणि नाही मिळालं तर?"

"मिळेल."

"तू त्याच्याकडून ते दुसऱ्यांदा चोरतोयस," निबिया म्हणाली आणि आत गेली.

टेक ८

आग नाही. दरवानाने बादली ओतली होती. फुटपाथवर काळा चिखल. सोसाने ढोल टेरेसवर उन्हात ठेवून बघितले. आभाळ भरलेलं होतं. आम्ही तासभर आभाळाकडे बघितलं. फोंतेसने खिमा भरलेल्या करंज्यांसारख्या एम्पानादा मागवल्या. कुणी खाल्ल्या नाहीत, फक्त कार्मेलोने चार खाल्ल्या. बोटीवर उलटी होते, म्हणाला, तर काहीतरी असायला हवं पोटात.

टेक घेतलाच नाही. फोंतेसने तरी खोक्यावर आकडा टाकला. मी विचारलं, का. तो म्हणाला, "वेळ गेलाय ना. वेळेला आकडा लागतो."

टेक ९
*(खोक्यावर: पूर्ण. ४:२२. ढोल मऊ. वापरता येईल.)*

हेच तुम्ही ऐकलंय, ऐकलं असेल तर. तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. रेडिओवर एकदा लागलं तेव्हा निवेदक म्हणाला, छान आहे, जरासं झोपेतलं आहे. एका मासिकात आलं की या गाण्यात काहीतरी होऊ घातलं होतं. लोक अजून भेटतात आणि म्हणतात, चाल काय सुंदर आहे हो, पण काय कमी आहे ते कळत नाही.

मला कळतं. बारा सेकंद जास्त आहेत. ढोल उतरले म्हणून सगळं थोडं थोडं वाट बघतं. थोरला जमिनीखालून येत नाही, गादीखालून येतो. मधला बोलत नाही, होकार देतो. आणि तिसऱ्या मिनिटाला तळव्याची एक थाप चुकते, कारण तिथे एल्बियोने हात मागे घेतला.

शेवट झाल्यावर त्याने हात समोर धरला. सोसाने खिशातला न्हाव्याचा स्वच्छ रुमाल काढला आणि न बोलता बांधला.

"पुरे आता," एल्बियो म्हणाला. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. "तुमचं हे एक पूर्ण झालं. आता आमचं पहिलं ऐकवा. कार्मेलोला निघायचंय. ते कानात घेऊन जाऊ दे."

फोंतेसने माझ्याकडे बघितलं. निबियाने बघितलं नाही.

"मास्तर, ते नाहीये."

"काय नाहीये?"

"पहिलं. टेप चालू नव्हती. मी थांबवलं होतं. मला वाटलं आधी हात मोकळे..."

मी पुढेही बोललो, बरंच. काय ते आठवत नाही. तो ऐकत होता, आणि त्याचा चेहरा एखाद्याने पत्ता सांगावा आणि आपण तो ऐकून घ्यावा तसा होता.

"सकाळपासून," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी सकाळपासून असा वाजवतोय, की आमचं झालंय."

कार्मेलो उठला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मामा, अजून पाऊण तास आहे. बोट गेली तरी चालेल."

"बोट जाणार नाही," एल्बियो म्हणाला. "आग कुठे मिळेल?"

टेक १०

फोंतेसच्या मोरीशेजारी चहापाण्याची एक खोली होती. तिथे दोन बर्नरचा गॅस. थोरला त्यावर धरता येत नव्हता, दार अरुंद. एल्बियोने सांगितलं, आधी धाकटा शेका, तो लवकर चढतो. मग मधला. थोरल्यासाठी मोठ्या भांड्यात कागद पेटवू, बोळात.

"पोरा, धाकटा तू धर. एक हात वर. जवळ नको. फिरवत राहा. बोटाने टिचकी मारून ऐक."

मी धरला. हातभर वर. टिचकी मारली. बद्द. फिरवला. बोळात कागद पेटला, धूर झाला, फोंतेस ओरडला की छताला लागेल. घड्याळात पाच पंचवीस. टिचकी. किंचित चढला. मधला माझ्यामागे रांगेत होता. कार्मेलो दारात उभा, एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे. मी ढोल चार बोटं खाली घेतला. टिचकी. छान चढला, लख्ख. मला वाटलं अजून थोडा चढवला तर आत न्यायला, हेडफोनला, फोंतेसच्या एका मिनिटाला पुरेल. हिशोब बरोबर होता. अजून दोन बोटं.

फाटतानाचा आवाज मोठा नसतो. जाड कापड दोन्ही हातांनी ओढल्यासारखा. मधोमध, काठापासून काठापर्यंत. जळक्या केसांचा वास आला.

सोसा आला. त्याने माझ्या हातातून ढोल घेतला, फटीतून आत बघितलं, जसं कुणी आत आहे का ते बघावं. "हे कातडं माझ्या बापाने ठोकलं होतं," तो म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं सगळ्यात लांब वाक्य हेच. मग ढोल खाली ठेवून खुर्चीवर बसला.

दोघांत ठेका होत नाही. कार्मेलोने तरी म्हणून बघितलं, टेबलावर मी धाकटा वाजवतो, मधला सोसा घेईल. एल्बियोने मान हलवली. बोळातला कागद विझला.

त्यानंतर

यापुढे फोंतेसच्या खोक्यावर काही नाही.

पावणेसहाला सोसा आणि कार्मेलो ढोल घेऊन खाली गेले, कार्मेलोच्या मेव्हण्याच्या गाडीपाशी. बॅगा गाडीतच होत्या. एल्बियोचा हात बांधलेला, म्हणून त्याचा थोरला मी उचलला. तो इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो मला खांद्याला लटकलेलाच दिसला होता.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये एल्बियो थांबला. मला वाटलं दमला.

"तू तिथे होतास ना सकाळी," तो म्हणाला.

"होतो, मास्तर."

"ऐकलंस."

"ऐकलं."

"मग टेप कशाला पाहिजे. दाखव."

"काय?"

"मी काय वाजवलं ते. कार्मेलो जाईल, सोसाकडे ढोल नाही, माझा हात बघतोयसच. तुझ्या कानात आहे ना? वाजव. तो कठडा आहे."

मी थोरला पायरीवर ठेवला. लोखंडी कठड्यावर एक तळवा ठेवला, दुसऱ्या हाताची मूठ टिपऱ्यासारखी धरली. सकाळ आठवली. चार मिनिटं दहा सेकंद. सगळं आठवलं: निबियाचा आवाज, खोलीतला घामाचा वास, माझ्या गिटारचा तिसरा स्वर, तो कसा बरोबर जागी बसला होता, आणि त्याचा मला झालेला आनंद. मी वाजवलं.

एल्बियो डोळे मिटून ऐकत होता.

"ही तुझी गिटार आहे," तो म्हणाला. "मी काय वाजवत होतो?"

मी पुन्हा वाजवलं. हळू.

"हे रेडिओवर लागतं ते. कुठल्याही कोपऱ्याचं. माझं वाजव."

पुन्हा.

"नाही."

खाली हॉर्न वाजला. कार्मेलोने जिन्यातून हाक मारली, "मामा, बोट."

"आलो," एल्बियो म्हणाला. त्याने बांधलेला हात उचलला आणि कठड्यावर एकदाच, अगदी हलकं, चार थापा दिल्या. किंवा पाच. दुखलं असणार, कारण पाचवी अर्धीच राहिली. लोखंडातून ती माझ्या हातात आली. मी श्वास धरून बसलो होतो, ती पकडायची म्हणून, आणि ती येत असतानाच मी माझा पुढचा स्वर कुठे बसेल ते शोधत होतो.

"कळलं?"

मी हो म्हणालो असतो. सकाळी म्हणालोच होतो.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. रागाने नाही. मग वाकून दुसऱ्या हाताने थोरल्याचा पट्टा खांद्यावर घेतला, माझी मदत नको म्हणून कोपराने मला बाजूला केलं, आणि एक एक पायरी बघत उतरला. बाहेर दोनदा दार लागलं. गाडी गेली.

वर पुढचा बँड आला होता. त्यांचा ड्रमवाला हात मोकळे करत होता. मी कठड्याशी उभा राहून पहिली थाप दिली. ती बरोबर होती, अजूनही मला तसं वाटतं. दुसरी त्यापासून किती लांब होती ते आठवत नव्हतं. मी पहिलीच पुन्हा दिली, दुसरी आपोआप येईल म्हणून. मग पुन्हा पहिली. दरवान खालून म्हणाला, "साहेब, कठडा कशाला बडवताय, पेशंट आहेत." मी हात थांबवला. मग आवाज न करता, नुसता तळवा लोखंडाला लावून, पुन्हा पहिली.